चौथी आवृत्ती

कारखान्यात तिला सगळे शिक्केवाली म्हणत. तिला नाव नव्हतं असं नाही, हजेरीपटावर चांगलं ठसठशीत छापलेलं होतं. पण शिक्केवाली म्हटलं की शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना कळे, मग नाव घेण्याचे कष्ट कोण घेतो? तिचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार असली की ती काय करते, हे पुढं येईलच.

कारखाना डोळ्यांत घालायच्या थेंबांचा. औषधाच्या कारखान्यात निम्मं काम औषधाचं आणि निम्मं कागदाचं. थेंब भरण्याआधी कागद, भरताना कागद, भरून झाल्यावर कागद. हे सगळे कोरे फॉर्म दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, तीन लोखंडी कपाटांत, तिच्या ताब्यात असत. खोलीला सरकत्या काचेची एक खिडकी आणि खिडकीला बाहेरून वीतभर फळी. ज्याला फॉर्म हवा त्यानं खिडकीशी यायचं. ती फॉर्म काढणार, त्यावर लाल शिक्का मारणार, शिक्क्यात क्रमांक घालणार, आणि कुणी, कोणता, कधी नेला ते रजिस्टरात चढवून नेणाऱ्याची सही घेणार. नेलेला कागद परत आलाच पाहिजे. भरून येवो, खराब होऊन येवो, चहा सांडून येवो, पण येवो.

प्रत्येक फॉर्मच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, एक ओळ असते: फॉर्म कोणता, आवृत्ती कितवी, कधीपासून लागू. फॉर्ममध्ये काही बदल झाला की नवी आवृत्ती निघते, आणि जुनीचे उरलेले कागद शिक्केवाली मजल्यामजल्यावरून गोळा करून आणते नि यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या करते. ती तळाची ओळ कारखान्यात कुणी वाचत नाही. शिक्केवाली आधी तीच वाचते, मग वरचं.

कामाची ही सवय घरापर्यंत गेली होती. कारखान्यात पांढरी शाई लावायला बंदी. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, शेजारी सही, खाली तारीख. घरी सामानाच्या यादीतही ती तेच करायची. एकदा तिच्या ताईनं यादी उघडली तर त्यात ‘अंडी सहा’ खोडून ‘अंडी बारा’ केलेलं, आणि शेजारी रीतसर सही.

“अगं, अंड्यांची चौकशी बसणार आहे का?” ताई म्हणाली.

“बसली तर?” शिक्केवाली म्हणाली.

दुसरी सवय तिला कामानं लावलेली नव्हती, ती जन्मापासूनची. ती डूख धरायची. ती सोळा वर्षांची असताना मामी चारचौघांत म्हणाली होती, “हिला कोण पत्करणार?” त्याला एकोणीस वर्षं झाली. त्या दिवसापासून मामीच्या घरचं पाणी ती प्यायलेली नाही. जाणं-येणं सोडलं म्हणाल तर तसंही नाही. न चुकता जाते, हसून बोलते, आणि पिशवीतून आपली बाटली काढून मामीच्या समोर पाणी पिते. मामीचे गुडघे गेलेत, तरी दरवेळी ती पेला घेऊन उठते. दरवेळी शिक्केवाली म्हणते, “असू दे मामी, आणलंय मी.” लोक याला खुनशीपणा म्हणत. ती याला स्मरणशक्ती म्हणायची.

अशा बाईच्या वाटेला जाण्याआधी माणसानं विचार करावा. साहेबानं केला नाही.

साहेब म्हणजे गुणवत्ता विभागाचा प्रमुख, तिचा वरचा अधिकारी. तिची रजा तो मंजूर करायचा, वर्षाच्या शेवटी तिच्या कामाचा अहवाल तो लिहायचा, आणि तिला त्या खोलीतून उचलून कुठंही नेऊन ठेवायचा अधिकारही त्याचाच. पंचेचाळिशीचा माणूस, काडीमोड होऊन सहा वर्षं झालेली. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. खोड एकच, सही करताना कागद वाचायचा नाही. दिवसाला शंभर सह्या, वाचणार तरी किती? मग ती कागदांचा गठ्ठा घेऊन त्याच्या टेबलाशी उभी राहायची, तळाची ओळ वाचून बघायची, आणि सही जिथं करायची तिथं बोट ठेवायची. तिचं बोट दिसलं की त्याचं पेन चाले. नऊ वर्षं हे असंच चाललं, आणि नऊ वर्षांत साहेबाची एकही सही चुकीच्या कागदावर पडली नाही. वरचे लोक त्याला काटेकोर म्हणत.

सातव्या वर्षी एका दुपारी सही झाली, पेन खाली ठेवलं गेलं, आणि त्याचं बोट तिच्या बोटावर येऊन थांबलं. तिनं आपलं काढून घेतलं नाही. ही गोष्ट तिनं पुढं कुणापासून लपवली नाही, तेव्हा आपणही लपवायला नको.

तिला सुख झालं. फार झालं. रविवारी सकाळी ती त्याच्या घरी जायची, तो तिच्यासाठी चहा करायचा, आणि ती आठवड्याभरात कुणी कुठं चुकीची आवृत्ती वापरली ते सांगायची. हे सगळं ऐकून घेणारा माणूस जगात असू शकतो यावर तिचा विश्वास बसत नव्हता. तो हसायचा, पुढं काय झालं म्हणून विचारायचा. एकदा तो म्हणाला, “आपण दोघंच असताना तरी साहेब म्हणू नकोस.” तिनं मनापासून प्रयत्न केला. आरशासमोर उभं राहून त्याचं नाव घेऊन पाहिलं. पण त्याच्यासमोर गेलं की तोंडातून ‘साहेब’च निघायचं. दोघं त्यावर हसली. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

कारखान्याचा याबाबत नियम होता, आणि तो तिच्याइतका कुणालाच माहीत नव्हता, कारण त्याचा फॉर्म तिच्याच दुसऱ्या कपाटात, खालून तिसऱ्या खणात होता. अधिकाऱ्याचं हाताखालच्या माणसाशी नातं जुळलं तर अधिकाऱ्यानं ते लेखी कळवायचं, आणि त्या माणसाचा अहवाल लिहिण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवायचं. तिनं साहेबाला तसं सांगितलं.

“कळवू की,” तो म्हणाला. “पण आत्ता कळवलं तर बढती अडेल. कारखान्याचा प्रमुख म्हणून माझं नाव चाललंय. एकदा ते होऊ दे.”

ती थांबली. जी बाई मामीसाठी एकोणीस वर्षं थांबते तिला हे काय जड आहे?

आणि मग तिनं ती चूक केली, जी तिच्या हातून कधी होईल असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं. एप्रिलमध्ये साहेब खिडकीशी आला. मेमोचे, म्हणजे कर्मचाऱ्याची चूक नोंदवायचे, दहा कोरे फॉर्म त्याला हवे होते. “शिक्का मारून दे, पण रजिस्टरात नको चढवू,” तो म्हणाला. “सारखा तुझ्या खिडकीशी आलो की लोकांच्या डोळ्यावर येतं. हे दहा जवळ असले की काम होईल.” लोकांच्या डोळ्यावर येतं, हे वाक्य तिला गोड लागलं. तिनं दहा शिक्के मारले, क्रमांक रिकामे सोडले, आणि रजिस्टरात एक ओळ मोकळी ठेवली, पुढंमागं लागली तर. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. ती आंधळी झाली नव्हती. तिला सगळं दिसत होतं आणि तरी तिनं दिले.

जूनमध्ये मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यानं तिला बोलावलं. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत, कारण वाईट बातमी सांगताना तो आधी पाणी विचारायचा. त्यानं पाणी विचारलं. ती नको म्हणाली.

“तुमच्याबद्दल मला व्यक्तिशः आदर आहे,” गोडबोल्या म्हणाला आणि फाइल तिच्यापुढं सरकवली. वर साहेबानं लिहिलेला वार्षिक अहवाल: काम असमाधानकारक, वारंवार समज देऊनही सुधारणा नाही. खाली पुरावा म्हणून तीन मेमो. रजिस्टर अपूर्ण ठेवलं, गेल्या वर्षीचा मार्च. जुने फॉर्म वेळेत गोळा केले नाहीत, गेल्या वर्षीचा जुलै. वरिष्ठांशी उद्धट वर्तन, गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. अक्षर साहेबाचं, सही साहेबाची.

“दोन मार्ग आहेत,” गोडबोल्या सांगत होता. “खोक्यांच्या गोदामात बदली, नाहीतर राजीनामा. राजीनामा दिलात तर साहेब चांगलं शिफारसपत्र द्यायला तयार आहेत. मन मोठं आहे त्यांचं.”

गेल्या मार्चमधला एक रविवार तिला आठवला. साहेबानं त्या दिवशी तिला नवी छत्री दिली होती. म्हणजे ज्या महिन्यात छत्री दिली त्याच महिन्यात मेमो लिहिला होता? असं असेल तर तो माणूस नव्हे. आणि असं नसेल तर?

तिची नजर आपसूक तळाला गेली.

मेमो. आवृत्ती ४. या वर्षीच्या फेब्रुवारीपासून लागू.

तिनं दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. तिन्ही चौथ्या आवृत्तीचे. गेल्या वर्षी मार्च, जुलै, नोव्हेंबरमध्ये कारखान्यात तिसरी आवृत्ती होती. चौथीचा कागद छापलासुद्धा गेला नव्हता. चौथीत बदल एकच होता: खाली एक चौकोन वाढवला होता, ‘कर्मचाऱ्याने मेमो वाचल्याची सही’. त्या चौकोनात साहेबानं तिन्ही ठिकाणी लिहिलं होतं, ‘सही करण्यास नकार’. जो चौकोन जन्माला आला नव्हता त्यात सही करायला तिनं तीन वेळा नकार दिला होता. आणि या चौथ्या आवृत्तीला मंजुरी कुणाची? साहेबाचीच. त्या मंजुरीच्या कागदावर बोट ठेवायला तीच उभी होती.

त्याला बढती हवी होती, बढतीआधी घर साफ करायचं होतं, आणि केर म्हणजे ती. एवढं सगळं तिला त्या एका ओळीत कळलं. आपल्याला आता रडू येणार असं तिला वाटलं. ते आलं नाही. आलं ते निराळंच, पोटातून गरम गरम वर चढणारं, आणि तो आनंद आहे हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. तो तिच्या बोटावाचून सही करायला गेला होता आणि पहिल्याच फटक्यात तोंडावर आपटला होता.

तिनं चेहरा पाडला. गोडबोल्याला ताकास तूर लागू दिली नाही. “याच्या प्रती मिळतील का?” तिनं विचारलं.

“कशाला?”

“नीट वाचते. सुधारायचं तर आपल्या चुका कळायला हव्यात.”

गोडबोल्याला भरून आलं. त्यानं स्वतः उठून प्रती काढून दिल्या.

जिना चढताना, चौदाव्या का पंधराव्या पायरीवर, तिचे पाय थांबले. तिन्ही मेमोंवर लाल शिक्का होता, आणि शिक्का तिचा होता. ती आवृत्ती दाखवणार, साहेब खोटा पडणार, आणि लगेच पुढचा प्रश्न येणार की नोंद नसलेले कोरे कागद त्याच्या हाती गेले कसे. औषधाच्या कारखान्यात याला क्षमा नाही. कोरा शिक्केबंद कागद बाहेर गेला म्हणजे उद्या कुणीही कुठल्याही बाटलीबद्दल काहीही लिहू शकतो. याच चुकीसाठी तिनं स्वतः तक्रार करून एका माणसाला घरी पाठवलं होतं. साहेबाचा हात दगडाखाली सापडला होता खरा, पण त्याच दगडाखाली तिचाही हात होता.

रविवारी तिनं ताईला सगळं सांगितलं. दोघी बहिणी आणि अंथरुणाला खिळलेली आई, असं त्यांचं घर. ताई घरी शाळेचे गणवेश शिवायची. घर चालायचं ते धाकटीच्या नोकरीवर. ताईनं मशीन थांबवलं नाही, पायडल मारत सगळं ऐकलं, आणि दोरा तोडून म्हणाली, “गोदामात जा. खोक्यांना तोंड नसतं, आराम पडेल.”

“माझं भांडण खोक्यांशी नाही.”

“त्याला घालवशील. बरं. तो दुसरीकडे साहेब होईल. तुला शिक्का मारायला कोण ठेवणार? दुसऱ्याला अपशकुन म्हणून आपलं नाक कापून घ्यायचं, यात शहाणपण काय?”

“नाक माझं आहे ना, ताई?”

“आहे. पण आईची औषधं तुझ्या नाकावर चाललीत.”

ताईचं बरोबर होतं आणि शिक्केवालीला ते दिसत होतं. ती म्हणाली, “त्यानं मला नुसतं सोडलं असतं तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. बायका बसतात, मीही बसले असते. पण त्यानं माझं काम वाईट आहे असं लिहिलं. सही करून लिहिलं. रजिस्टर अपूर्ण ठेवते म्हणे. मी.”

ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा गणवेश मशीनखाली घेतला. “मामीचं बरं म्हणायचं,” ती म्हणाली. “तिला नुसतं पाण्यावर सोडलंस.”

सोमवारी शिक्केवाली पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी खोलीत गेली. रजिस्टर उघडलं. एप्रिलचं पान, खालून चौथी ओळ, मोकळी. तिथं फक्त लिहायचं होतं: मेमो, दहा प्रती, गुणवत्ता प्रमुख. पुढच्या रकान्यात साहेबाची सही लागत होती, पण ती सही तिनं हजारो वेळा बोटाजवळून उमटताना पाहिली होती; डोळे मिटून केली असती. मग ती स्वच्छ. साहेबानं कागद नोंद करून नेले, घरी बसून खोट्या तारखा घातल्या, तिचा काय दोष? आई, ताई, खोली, किल्ल्या, सगळं शाबूत, आणि तो मेला. तिनं पेनचं टोपण काढलं.

इथं लेखकमंडळी सांगतील की तिची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. तसं काही झालं नाही. तिला एवढंच दिसलं की खोटी ओळ म्हणजे त्याला फट. शाई तपासली, सही तपासली, की तो त्या फटीतून सहीसलामत निसटणार आणि बाहेर जाऊन म्हणणार, बघा, ही बाई मागाहून लिहिते. त्यानं जे केलं तेच तिनं केलं तर तो तिच्यासारखा आणि ती त्याच्यासारखी, मग सूड कसला? तिला तो एकटा हवा होता, खोटेपणात एकटा, बाजूला कुणी नको.

तिनं मोकळ्या ओळीवर आडवी रेघ मारली. शेजारी सही केली. खाली तारीख घातली, त्या दिवशीची. मग कपाटातून मेमोचा एक कोरा फॉर्म काढला, शिक्का मारला, क्रमांक घातला, रजिस्टरात स्वतःच्या नावावर चढवला, आणि स्वतःविरुद्ध मेमो लिहायला बसली. मेमो कुणीही कुणाविरुद्ध भरू शकतो. स्वतःविरुद्ध भरायला नियमात मनाई नव्हती, कारण असंही कुणी निघेल हे नियम करणाऱ्याला सुचलंच नव्हतं. खालच्या चौकोनात, ‘कर्मचाऱ्याने मेमो वाचल्याची सही’ इथं, तिनं सही केली. मग साहेबाविरुद्धचा तक्रारअर्ज लिहून वर चौकशी समितीकडे पाठवला. मेमो मात्र तिनं घडी न घालता आपल्या फाइलीत ठेवला.

समिती तीन जणांची. दोघं कारखान्यातले, आणि अध्यक्ष बाहेरच्या, एक वकीलबाई. पांढरे झालेले केस, समोर साधी वही, आणि माणूस बोलत असताना त्याच्याकडे न बघता वहीकडे बघायची सवय.

साहेब तयारीनं आला होता. नातं त्यानं नाकारलं नाही. तेवढा तो हुशार होता. “आम्ही दोघंही सज्ञान आहोत,” तो म्हणाला. “जे होतं ते दोघांच्या मर्जीनं. कळवायचं राहून गेलं, त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो. पण कामाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांचं काम वर्षभर आधीपासून बिघडलं होतं, मेमो आहेत. मी नातं संपवलं, म्हणून त्या आता सूड उगवतायत.”

वकीलबाईंनी शिक्केवालीला विचारलं, “तुमची संमती होती?”

“होती.”

“आणि आता सूड उगवताय?”

“हो,” शिक्केवाली म्हणाली. “पण सुडानं सांगितलेलं खरं धरायचं नाही असा नियम असेल तर मला दाखवा. नियम माझ्याच कपाटात असतात, मला तो सापडला नाही.”

वकीलबाईंनी पहिल्यांदा वहीतून मान वर केली. “तुम्ही दोघंच असायचात तेव्हा यांना काय म्हणायचात?”

“साहेब.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं.”

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं आणि साहेबाकडे वळल्या. “नियम नुसता सौजन्यापुरता नाही,” त्या म्हणाल्या. “एक जण दुसऱ्याचा अहवाल लिहितो, रजा देतो, बदली करतो. तिथं दुसऱ्याचा होकार किती मोकळा होता हे पहिल्यानं सांगून भागत नाही. म्हणून कळवायचं, आणि अहवालाचं पेन दुसऱ्याच्या हातात द्यायचं. तुम्ही ते पेन ठेवून घेतलंत. बरं, मेमोंबद्दल यांचं काय म्हणणं आहे?”

“तळाची ओळ वाचा,” शिक्केवाली म्हणाली.

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी धरला आणि वाचलं. मग तारीख वाचली. मग दुसरा कागद, मग तिसरा. साहेबानं हात पुढं करून एक प्रत ओढून घेतली, आणि शिक्केवालीनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कागदाचा तळ वाचताना पाहिलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं त्या नीट बघून घेतल्या, आयुष्यभर पुराव्यात म्हणून.

पण माणूस बुडताना हाताला येईल ते धरतो. साहेबानं तिला धरलं. “शिक्का कुणाचा आहे बघा,” तो म्हणाला. “दहा कोरे फॉर्म यांनीच मला दिले, रजिस्टरात न चढवता. विचारा ना त्यांना. सात अजून माझ्या खणात आहेत.”

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तोवर त्या खोलीत कोऱ्या कागदांचा आकडा कुणी काढलेला नव्हता.

“म्हणजे कोरे कागद तुमच्याकडे होते,” वकीलबाई म्हणाल्या. “आणि दहातले तीन हे.”

साहेबाला बोललेलं आता मागे घेता येईना. तरी त्याच्या डोळ्यांत एक समाधान होतंच की आपण जातोय पण ही पण जातेय. शिक्केवाली त्याच समाधानाची वाट बघत होती. तिनं फाइल उघडली आणि आपला मेमो टेबलावर ठेवला.

“दहा फॉर्म मी दिले, एप्रिलमध्ये. चूक माझी,” ती म्हणाली. “रीतसर नोंदवली आहे. आवृत्ती चार, क्रमांक घातलेला, सही केलेली. मी नकार दिलेला नाही.”

साहेबाचं ते शेवटचं समाधानही गेलं, आणि तिला हवं होतं ते नेमकं तेच.

निकाल आठवड्यानं लागला. साहेबाला नोकरीतून काढलं, आणि का काढलं ते नोकरीच्या दाखल्यात लिहिलं. तिचा असमाधानकारक अहवाल रद्द झाला. नऊ वर्षांचं काम चोख, असं समितीनं लिहून दिलं. आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदात तिलाही महिनाअखेरीस कामावरून कमी केलं. वकीलबाई तिला एकटीला म्हणाल्या, “हा मेमो तुम्ही दिला नसतात तर कदाचित तुम्ही राहिला असतात.” शिक्केवाली म्हणाली, “मग त्याला सांगायला काहीतरी उरलं असतं.” संध्याकाळी घरी आल्यावर ती आईच्या उशाशी बराच वेळ बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ताईच्या टेबलावरचा कापड कापायचा कागद उचलला, मापं वाचली, आणि एक चूक दाखवली.

कारखाना सोडणाऱ्याला प्रत्येक विभागाची ‘येणं काही नाही’ अशी सही लागते. साहेबाच्या कागदावर सगळ्या सह्या झाल्या, एक राहिली. शेवटच्या दिवशी दुपारी तो दुसऱ्या मजल्यावर आला आणि नऊ वर्षं जिथं लोक उभे राहायचे त्या फळीशी उभा राहिला. हातात लिफाफा होता. तिनं काच सरकवली.

“सात आहेत,” तो म्हणाला.

तिनं मोजले. सात होते. तिनं प्रत्येकावर आडवी रेघ मारली, ‘रद्द’ लिहिलं, आणि पहिला त्याच्यापुढं ठेवला.

“तळाची ओळ मोठ्यानं वाचा आणि सही करा.”

“हे नियमात आहे?”

“आहे. तुम्हीच मंजूर केलंय.”

तो वाचू लागला. मेमो, आवृत्ती चार, फेब्रुवारीपासून लागू. सही. मेमो, आवृत्ती चार, फेब्रुवारीपासून लागू. सही. प्रयोगशाळेतल्या दोन बायका जिन्यावरून जाताना थबकल्या आणि मग फारच सावकाश पुढं गेल्या. चौथ्या कागदाला त्याचा आवाज बसला.

पाचव्याला तो थांबला. “तुला फसवायचं असं मी ठरवलं नव्हतं,” तो हळू म्हणाला. “वेळच तशी आली.”

“पाचवा,” ती म्हणाली.

त्यानं पाचवा वाचला, सहावा वाचला. सातवा वाचून झाला तेव्हा त्याचं पेन कागदावर फिरू लागलं. सही कुठं करायची ते त्याला दिसेना. सहा केल्या होत्या तरी दिसेना. तिचं बोट उठलं. तिनं बोटाला सांगितलं नव्हतं, ते आपोआप फळीवरून पुढं गेलं आणि त्या जागेच्या अलीकडे, दोन पेरांवर, येऊन पोचलं. त्याचं पेन लगेच तिकडे वळलं.

तिनं बोट पाहिलं आणि मागे घेतलं. दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं.

“शोधा, साहेब,” ती म्हणाली, आणि तो शोधत राहिला तोवर घड्याळाकडे न बघता समोर बसून राहिली.